बदलीची नोकरी

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान. शारदाश्रमची दोन पोरं सेंट झेवियर्सविरुद्ध खेळताना ६६४ धावांची नाबाद भागीदारी करतात. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. ही गोष्ट आपल्याकडे कुणाला नव्यानं सांगावी लागत नाही. स्पर्धेचं नावही पाठ असतं : हॅरिस शील्ड.

हा हॅरिस म्हणजे १८९० ते १८९५ या काळातला मुंबई इलाख्याचा गव्हर्नर, चौथा लॉर्ड हॅरिस. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा कप्तान राहिलेला माणूस. आता त्याचा जन्म कुठे झाला ते बघा. लंडन नाही, केंट नाही. ३ फेब्रुवारी १८५१, सेंट अ‍ॅन्स, त्रिनिदाद. वेस्ट इंडीज बेटांच्या माळेतलं अगदी खालचं, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला जवळजवळ चिकटलेलं बेट. तिथे का? कारण वडील, म्हणजे तिसरे लॉर्ड हॅरिस, तेव्हा त्रिनिदादचे गव्हर्नर होते. तिथून त्यांची बदली झाली ती थेट मद्रासला, तीही गव्हर्नर म्हणूनच. आणि या घराण्याला ‘लॉर्ड’ ही पदवी मिळाली कशी? वडिलांच्या आजोबांमुळे. ते जनरल हॅरिस. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, तेव्हा इंग्रज फौजेचा सेनापती हाच. लुटीतला त्याचा वाटा एक लाख पौंडांच्या वर गेला होता.

श्रीरंगपट्टण, त्रिनिदाद, मद्रास, मुंबई. एका घराण्याच्या चार पिढ्यांत एवढा नकाशा.

या हॅरिसचा माग काढता काढता मी त्रिनिदादच्या गव्हर्नरांच्या यादीच्या नादी लागलो. यादी तशी कंटाळवाणी. सर अमुक, सर तमुक, पाच वर्षं, तीन वर्षं, मधेच हंगामी. पण प्रत्येक नावाच्या पुढेमागे दुसऱ्या वसाहतींची नावं दिसायला लागली, मॉरिशस, फिजी, सिलोन, जमैका, क्वीन्सलँड. हे आपल्या कलेक्टर-तहसीलदारांसारखे बदलीच्या नोकरीतले लोक होते. फरक एवढाच की तहसीलदाराच्या डोक्यावर कलेक्टर असतो, कलेक्टरच्या डोक्यावर मंत्रालय असतं, आणि मंत्र्याला पाच वर्षांनी मतं मागायला जावं लागतं. त्रिनिदादच्या गव्हर्नरच्या डोक्यावर फक्त लंडन होतं, आणि लंडनला पाठवलेल्या पत्राचं उत्तर यायला महिने लागत.

सुरुवात स्पॅनिश काळापासून करावी लागेल. कोलंबस १४९८ साली इथे आला, स्पेननं बेट आपलं म्हटलं आणि पुढची जवळजवळ तीनशे वर्षं त्याकडे दुर्लक्ष केलं. गोव्यापेक्षा थोडं मोठं बेट, आणि १७८३ मध्ये तिथे तीन हजारही माणसं नव्हती. त्या वर्षी स्पेननं एक फर्मान काढलं. कॅथलिक असाल तर या, जमीन फुकट घ्या. सोबत जितके गुलाम आणाल तितकी जास्त जमीन मिळेल. आजूबाजूच्या फ्रेंच बेटांवरून मळेवाले आले, गुलाम आणले गेले, आणि स्वतंत्र मिश्रवर्णीय कुटुंबंही आली. त्यांना जमीन मिळाली, पण गोऱ्यांच्या निम्मी. चौदा वर्षांनी झालेल्या मोजणीत लोकसंख्या १७,७१८ भरली. त्यातले १०,००९ गुलाम होते.

ही मोजणी केली इंग्रजांनी, कारण तोवर बेट त्यांच्या हाती आलं होतं. फेब्रुवारी १७९७ मध्ये जनरल अ‍ॅबरक्रॉम्बी आणि अ‍ॅडमिरल हार्वे यांचा ताफा आला. स्पॅनिश अ‍ॅडमिरलनं आपली जहाजं आपणच पेटवून दिली, आणि गव्हर्नर चाकोननं १८ तारखेला जवळपास न लढताच शरणपत्रावर सही केली. चाकोन माणूस कामाचा होता. पोर्ट ऑफ स्पेन शहराला पुराचा त्रास देणारी नदी त्यानं डोंगराच्या कडेनं वळवून दिली होती. पण हरलेल्याला कोण विचारतो? स्पेनच्या राजानं त्याला हद्दपार केलं. त्रिनिदादनं मात्र त्याचं नाव एका लालभडक जंगली फुलाला दिलं. चाकोनिया हे आज त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. गव्हर्नरांच्या यादीत इतकं चांगलं स्मारक दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही.

शरणपत्रात एक कलम होतं, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ त्यात आहे. बेट इंग्रजांचं झालं, तरी कायदा स्पॅनिशच राहील असं ठरलं. म्हणजे इंग्लंडमध्ये राजालाही नसतील असे अधिकार इथल्या इंग्रज गव्हर्नरला आपोआप मिळाले. ज्यूरी नाही, निवडलेली सभा नाही. अ‍ॅबरक्रॉम्बीनं जाताना ज्याच्या हाती हे सगळं सोपवलं, तो होता कर्नल थॉमस पिक्टन. वेल्सचा, वय अडतीस, आणि राज्यकारभाराचा अनुभव शून्य.

पिक्टननं शहरात फाशीचा खांब उभा केला आणि तो रिकामा राहू दिला नाही. मळ्यांवर गुलाम आणि जनावरं मरायला लागली की मळेवाल्यांना विषप्रयोगाचा संशय यायचा. (साथीचे आजार होते, दूषित पाणी होतं, उपासमार होती, पण त्यावर खटला भरता येत नाही.) त्यासाठी पिक्टननं मळेवाल्यांचंच एक चौकशी मंडळ नेमलं. त्याच्या हुकमानं काही गुलामांना फाशी दिलं गेलं, काहींना जिवंत जाळलं गेलं.

याच सुमारास, डिसेंबर १८०१ मध्ये, लुईसा काल्देरोनचं प्रकरण घडलं. ती मिश्रवर्णीय, स्वतंत्र, तेरा-चौदा वर्षांची मुलगी. पेद्रो रुईझ नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी ती त्याची ठेवलेली म्हणून राहत होती. मुलीचं वय पुन्हा एकदा वाचा. त्या काळच्या कागदपत्रांत कुणालाही त्यात विशेष वाटलेलं दिसत नाही. रुईझच्या घरी पैशांची चोरी झाली. संशय कार्लोस गोन्झालेझ या माणसावर, आणि लुईसानं त्याला साथ दिली असा आरोप. ती काही सांगेना. मॅजिस्ट्रेट बेगोरा यानं गव्हर्नरकडे यातना देण्याची परवानगी मागितली. पिक्टननं फ्रेंचमध्ये एक ओळ लिहिली : लुईसा काल्देरोनला ‘प्रश्न’ लावा. जुन्या युरोपीय कायद्याच्या भाषेत ‘प्रश्न लावणं’ म्हणजे छळ करून कबुली घेणं. खाली सही.

तिचा एक हात छताच्या कप्पीला बांधून तिला वर खेचलं. दुसरा हात आणि एक पाय मागे एकत्र बांधले. उरलेल्या पायाचा अंगठा खाली जमिनीत रोवलेल्या अणकुचीदार खुंटीवर टेकवला. सगळं वजन तेवढ्यावर. पहिल्या दिवशी ती जवळपास तासभर तशी होती, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग आठ महिने तुरुंगात, पायात बेडी.

हे सगळं बाहेर आलं ते अधिकाऱ्यांच्या आपसातल्या भांडणामुळे. १८०३ मध्ये लंडननं पिक्टनच्या डोक्यावर तिघांचं कमिशन बसवलं. त्यातला पहिला होता कर्नल विल्यम फुलार्टन, दक्षिण हिंदुस्थानात हैदर-टिपूच्या फौजांशी लढून आलेला. (श्रीरंगपट्टणाची सावली या बेटावर फारच लांब पडलेली दिसते.) फुलार्टननं तुरुंगाचे दप्तर उघडले, पिक्टनशी त्याचं जमलं नाही, आणि तो आरोपांची यादी घेऊन लंडनला परतला. सोबत लुईसालाही नेलं. फेब्रुवारी १८०६ मध्ये किंग्ज बेंचच्या कोर्टात ती साक्षीला उभी राहिली. वकिलांनी ज्यूरीला तिच्या छळाचं चित्र दाखवलं. चित्रांच्या प्रती शहरभर विकल्या गेल्या.

ज्यूरीनं पिक्टनला दोषी ठरवलं. पण बचाव सोपा होता. शरणपत्रानुसार तिथे स्पॅनिश कायदा होता, आणि स्पॅनिश कायद्यात यातना देणं बसतं, मग गुन्हा कसला? १८०८ मध्ये खटला पुन्हा चालला. या वेळी ज्यूरी म्हणाली, होय, स्पॅनिश कायद्यात यातना बसत होती, आणि आरोपीच्या मनात आकस नव्हता. त्याचा कायदेशीर अर्थ काय ते कोर्टानं ठरवावं. कोर्टानं ते कधीच ठरवलं नाही. निकाल आजतागायत लागलेला नाही. ज्यांना जाळलं, फाशी दिलं, त्या गुलामांबद्दलचे आरोप तर प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि तिथेच मिटवले गेले.

पिक्टनला दरम्यान बढती मिळाली. तो स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढला, खासदार झाला, सर झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर मेला. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याचं स्मारक आहे. कार्डिफच्या सिटी हॉलमधला त्याचा संगमरवरी पुतळा २०२० मध्ये झाकला गेला; तो हटवावा असा ठराव नगरपालिकेनं केला. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘द लॉस ऑफ एल डोराडो’ या पुस्तकात हे प्रकरण विस्तारानं आलं आहे. नायपॉल त्याच बेटावर वाढलेले, गिरमिटियांचे नातू.

पिक्टनच्या भानगडीनंतर कुणालाही वाटेल की लंडननं गव्हर्नरचे हात बांधले असतील. उलट झालं. त्रिनिदादच्या गोऱ्या रहिवाशांनी मागणी केली की बार्बाडोस-जमैकासारखी आम्हालाही निवडलेली सभा द्या. १८१० मध्ये वसाहतमंत्री लॉर्ड लिव्हरपूल यांनी ती साफ फेटाळली. आणि कारण ऐकण्यासारखं आहे. सभा दिली तर ती गुलामांच्या मालकांची होणार. ते आधीच बलवान आहेत, त्यांच्या हातात कायदा दिला तर गुलामांना वाचवणार कोण? शिवाय स्वतंत्र लोकांत मिश्रवर्णीयच जास्त. त्यांना मत दिलं तर गोरे भडकणार, नाही दिलं तर तो उघड अन्याय. त्यापेक्षा सभाच नको. सगळी सत्ता राजाच्या नावे गव्हर्नरकडेच असू दे. गुलामगिरीविरोधी चळवळीतले जेम्स स्टीफनसारखे लोकही याच मताचे होते.

युक्तिवाद खोटा नव्हता. बार्बाडोस-जमैकाच्या सभांनी पुढे प्रत्येक सुधारणेत खोडा घातला. पण गंमत अशी की ‘दुबळ्यांच्या रक्षणासाठी’ म्हणून जी रचना आली, तिच्यात दुबळ्यांना बोलायला जागाच नव्हती. फक्त अर्ज करता येत होता. अर्ज गव्हर्नरविरुद्ध असला, तरी तो गव्हर्नरमार्फतच लंडनला जायचा. कोणत्याही सरकारी कार्यालयात ‘योग्य मार्गाने अर्ज करा’ हे ऐकलेल्या माणसाला याचा अर्थ उलगडून सांगायला नको.

१८१३ ते १८२८ अशी पंधरा वर्षं राज्य केलेला राल्फ वुडफर्ड हे त्याचं नमुनेदार उदाहरण. एकोणतिसाव्या वर्षी गव्हर्नर झालेला. पोर्ट ऑफ स्पेनमधली मोठी सव्हाना, वनस्पती उद्यान, शहराचे चौक, सगळं त्याचं. पण स्वतंत्र मिश्रवर्णीयांना त्यानं त्यांची ‘पायरी’ दाखवायचा चंगच बांधला होता. एडिंबरात डॉक्टर होऊन आलेल्या जाँ-बाप्तिस्त फिलिप या मिश्रवर्णीय तरुणानं १८२४ मध्ये त्याविरुद्ध पुस्तकच लिहिलं आणि लंडनला सादर केलं. समान हक्कांचा हुकूम निघाला १८२९ मध्ये. वुडफर्ड त्याआधीच परतीच्या वाटेवर समुद्रात वारला होता.

गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ ला संपली, पण मधे सहा वर्षांची ‘उमेदवारी’ ठेवली होती, म्हणजे मालकाकडेच बिनपगारी काम. गव्हर्नर हिल हे समजावून सांगायला उभा राहिला, तर जमलेल्या लोकांनी ‘सहा वर्षं नाही, सहा वर्षं नाही’ असा गजर करून त्याला बोलूच दिलं नाही. १८३८ मध्ये ती उमेदवारीही संपली. सुटलेली माणसं मळ्यांपासून शक्य तितकी लांब गेली.

ऊस मात्र होता तिथेच होता. ३० मे १८४५ ला ‘फेटल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास हिंदुस्थानी मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. पुढच्या वर्षी, १८४६ मध्ये, लॉर्ड हॅरिस गव्हर्नर म्हणून आले.

हे हॅरिस वाईट माणूस होते असं मला म्हणता येत नाही. पिक्टनसारखा रगेल माणूस रंगवणं सोपं असतं. हॅरिस विचारी होते, कामसू होते. त्यांनी बेटाचे वॉर्ड पाडले, प्रत्येक वॉर्डात सरकारी शाळा काढायचा घाट घातला, सार्वजनिक वाचनालय सुरू केलं. एका खलित्यात त्यांनी लिहिलेलं मत अजूनही त्रिनिदादच्या इतिहासकारांच्या तोंडी असतं : एक वंश मुक्त झाला, पण समाज घडलेला नाही. इतकं नेमकं निदान करणारा गव्हर्नर विरळाच.

उपाय मात्र मळेवाल्यांच्या सोयीचा निघाला. १८४६ मध्येच ब्रिटिश पार्लमेंटनं साखरेवरची जकात सवलत काढून टाकायला सुरुवात केली होती, भाव कोसळले होते, मळे दिवाळखोरीत निघत होते. हॅरिस यांच्या मते मजूर मोकळे सोडले तर भटकतात, मरतात, मळे बुडतात. म्हणून नियम आले. मजुरानं करारानं बांधून राहायचं, आणि मळ्याबाहेर दिसला तर जवळ कागद हवा. तो नसेल तर पकडून न्यायचं. त्यांच्या कारकिर्दीत आणि लगेच नंतर जी चौकट पक्की झाली ती अशी : एका मालकाकडे पाच वर्षांचा गिरमिट, आणि परतीचं तिकीट हवं असेल तर बेटावर एकूण दहा वर्षं राहायचं. काम न केल्यास दंड नाहीतर तुरुंग. म्हणजे कामाला दांडी मारणं हा फौजदारी गुन्हा. ऊसतोडीच्या फडावर उचल घेऊन अडकलेल्या जोडप्यांच्या बातम्या आपण वाचतो. त्या अडकण्याला तिथे कायद्याचाच आधार होता. मळ्यावरच्या मुकादमाला तिथे ‘सरदार’ म्हणत.

१९१७ पर्यंत या पद्धतीनं एक लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं त्रिनिदादला आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली, कलकत्त्याहून चढलेली, काही मद्रासहून. मराठी माणसं या वाटेनं फारशी गेली नाहीत, ती मॉरिशसला गेली. १८५४ मध्ये हॅरिस मद्रासचे गव्हर्नर झाले. ज्या बेटावर मजूर उतरताना पाहिले होते, त्याच बेटाकडे मजूर पाठवणारं बंदर आता त्यांच्या हाताखाली आलं. पत्नी त्रिनिदादचीच, तिथल्या धर्माधिकाऱ्याची मुलगी. ती १८५३ मध्ये वारली. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा.

मला हॅरिसच्या गोष्टीत टोचतं ते हेच. गव्हर्नरच्या नोकरीला जहाजाची वाट कायम मोकळी होती. त्यानंच सही केलेल्या नियमानं मजुराला शेजारच्या मळ्यावर भावाला भेटायला जायचं तरी कागद लागत होता.

असाच दुसरा ‘चांगला’ गव्हर्नर म्हणजे आर्थर गॉर्डन, पंतप्रधान लॉर्ड अ‍ॅबरडीन यांचा मुलगा. १८६६ ते १८७०. मळेवाल्यांच्या विरोधाला न जुमानता त्यानं सरकारी पडीक जमीन लहान तुकड्यांत विकायला काढली. गिरमिट संपलेल्यांना परतीच्या तिकिटाऐवजी जमीन घ्यायची सोय केली. त्रिनिदादमध्ये फैजाबाद, बराकपूर, कलकत्ता अशा नावांची गावं आहेत. हिंदुस्थानी माणूस तिथे वस्ती करून राहिला त्यात या जमिनीचा मोठा हात आहे. मग त्याची मॉरिशसला बदली झाली. तिथे मजुरांचे हाल पाहून त्यानं लंडनकडून शाही चौकशी आयोग मागवला, आणि मळेवाल्यांचा रोष ओढवून घेतला. कोकणातून गेलेली मराठी कुटुंबंही त्या मॉरिशसमध्ये होती.

इथवर वाचून गॉर्डन आवडायला लागतो. मग तो फिजीला जातो. तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी आणि गावं मळेवाल्यांपासून वाचवायची, पण वसाहतीचा खर्च तर निघाला पाहिजे. तोडगा त्याला पाठ होता. मे १८७९ मध्ये ‘लिओनिदास’ जहाज हिंदुस्थानी मजूर घेऊन फिजीला लागलं. गिरमिटाचे सगळे दोष ज्याला आतून माहीत होते, त्यानंच ती पद्धत जगाच्या दुसऱ्या टोकाला नेली. एका लोकांचं रक्षण दुसऱ्या लोकांच्या खर्चानं. बदलीच्या नोकरीत अनुभव असा सामानाबरोबर फिरतो.

आता १८८४. त्रिनिदादमध्ये मोहरमला ‘होसे’ म्हणतात, हुसेनवरून. आपल्याकडे जसे ताबूत, तसे तिथे बांबू-कागदाचे ‘ताजा’. ताशांच्या गजरात मिरवणूक निघायची आणि ताजे समुद्रात शिरवले जायचे. बनवणारे मुसलमान, उचलणारे आणि नाचणारे बहुसंख्य हिंदू, आणि आफ्रिकी वंशाचे लोकही ताशाला. पुण्या-मुंबईत १८९३ पूर्वी मोहरमचं चित्र याच वळणाचं होतं. मळ्यावरच्या माणसासाठी वर्षातले हे एक-दोन दिवस, कागद न दाखवता गावात शिरण्याचे.

मळेवाल्यांना आणि पोलिसांना नेमकं हेच खुपत होतं. साखरेचे भाव पुन्हा पडलेले, कामाचा ‘टास्क’ वाढवलेला, मळ्यांवर संप होऊ लागलेले. जुलै १८८४ मध्ये सरकारनं नियम काढले : होसेच्या मिरवणुका मळ्याबाहेर, मोठ्या रस्त्यावर, शहरात आणायच्या नाहीत. याविरुद्ध अर्ज गेला तो सुखू नावाच्या एका हिंदू माणसाच्या पुढाकारानं, त्याच्यासह तीसेक जणांचा. मोहरमसाठी हिंदू अर्ज करतो, यात सरकारला धर्म दिसला नाही, उलट पुरावा दिसला. हिंदूच भाग घेतात तर हा धार्मिक सण कसला? अर्ज नामंजूर.

३० ऑक्टोबरला सॅन फर्नांडोच्या दिशेनं वेगवेगळ्या मळ्यांवरून मिरवणुका निघाल्या, दर वर्षीसारख्या. शहराच्या वेशीवर बंदुका घेऊन पोलीस उभे होते. मॅजिस्ट्रेटनं दंगलीचा कायदा वाचून दाखवला, इंग्रजीत, ताशांच्या आवाजात. मग गोळीबार. मोन रेपो इथे एकदा, दुसऱ्या नाक्यावर पुन्हा. मृतांचा आकडा कोणी १६ सांगतं, कोणी २२. जखमी शंभराच्या वर. मेलेल्यांत हिंदू होते आणि मुसलमान होते.

चौकशी झाली. ती करायला लंडननं कुणाला पाठवलं? जमैकाच्या गव्हर्नरला. सर हेन्री नॉर्मन. १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात लढलेला, पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसलेला. एका गव्हर्नरच्या सरकारची चौकशी दुसऱ्या गव्हर्नरनं करायची. निष्कर्ष : पोलिसांनी केलं ते योग्यच, हिंदुस्थानी माणसाला सरकारची जरब वाटलीच पाहिजे. नॉर्मन पुढे क्वीन्सलँडचा गव्हर्नर झाला. १८९३ मध्ये त्याला चक्क व्हाइसरॉयपद देऊ केलं गेलं. आधी हो म्हणून नंतर त्यानं माघार घेतली.

याच १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली. गव्हर्नर लॉर्ड हॅरिस, त्रिनिदादला जन्मलेले, तेव्हा पुण्यात गणेशखिंडीच्या बंगल्यावर होते. मुंबई जळत असताना ते कित्येक दिवस तिथेच राहिले, यावर तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी सडकून टीका केली. पुढच्या महिन्याभरात पुण्यात गणपतीची सार्वजनिक मिरवणूक निघाली, आणि ताबुतांपुढे नाचणारे हिंदू हळूहळू कमी झाले. त्रिनिदादमध्ये तसं झालं नाही. होसे तिथे अजूनही निघतो, आणि ताशावर कोणत्याही धर्माचा हात असतो.

विसावं शतक भराभर सांगतो, कारण साचा तोच आहे, फक्त ऐकून घेण्याची लोकांची तयारी संपलेली आहे. मार्च १९०३ मध्ये पाणीपट्टीच्या नव्या कायद्यावर चर्चा होती आणि सरकारनं ठरवलं की सभागृहात पासशिवाय कुणाला बसता येणार नाही. पुन्हा कागद! बाहेर जमलेल्या जमावानं दगडफेक केली, रेड हाउस ही सरकारी इमारत पेटली, गव्हर्नर मोलोनी आत होता. पोलिसांच्या गोळीबारात १६ माणसं मेली. १९२५ मध्ये कौन्सिलात पहिल्यांदा निवडून आलेले सदस्य बसले. एकूण सात, आणि मताधिकार लोकसंख्येतल्या सुमारे सहा टक्क्यांना.

जून १९३७ मध्ये तेलाच्या खाणींवर संप झाला, त्या फैजाबादमध्येच. तेव्हाचा गव्हर्नर मर्चिसन फ्लेचर फिजीहून बदलून आलेला. त्यानं कौन्सिलात उभं राहून कामगारांचं म्हणणं बरंचसं खरं आहे असं सांगितलं. तेल कंपन्या आणि मळेवाले खवळले, लंडनचा सूर बदलला, आणि वर्षअखेर तब्येतीचं कारण देऊन फ्लेचर घरी गेला. सव्वाशे वर्षं दुबळ्यांच्या रक्षणासाठी म्हणून चालवलेल्या पद्धतीत एक जण खरोखर त्यांच्या बाजूनं बोलला, तो सहा महिने टिकला. सर्वांना मत मिळालं त्यानंतर, १९४६ च्या निवडणुकीत.

१९५५ मध्ये एरिक विल्यम्स हा इतिहासकार पोर्ट ऑफ स्पेनच्या भर चौकात उभा राहून हजारो लोकांना गुलामगिरी, साखर आणि संविधान यांवर व्याख्यानं देऊ लागला. लोक त्या चौकाला गमतीनं विद्यापीठ म्हणायचे. चौकाचं नाव वुडफर्ड स्क्वेअर. त्या राल्फ वुडफर्डचं, ज्याला एका मिश्रवर्णीय डॉक्टरनं पुस्तक लिहून जाब विचारला होता. विल्यम्स पुढे देशाचा पहिला पंतप्रधान झाला. त्यानं चौकाचं नाव बदललं नाही.

यादीतलं शेवटचं नाव सॉलोमन होचॉय. चिनी वंशाचा, सरकारी खात्यात साध्या कारकुनीपासून वर आलेला, १९६० मध्ये त्रिनिदादचा पहिला बिगर-गोरा गव्हर्नर. ३१ ऑगस्ट १९६२ ला युनियन जॅक उतरला तेव्हा गव्हर्नर हे पदच संपलं आणि तो गव्हर्नर-जनरल झाला, १९७२ पर्यंत. त्यानंतर त्याची कुठेही बदली झाली नाही. उत्तर किनाऱ्यावर ब्लँशिसेज नावाचं एक लहान गाव आहे, जिथे तो लहानाचा मोठा झाला होता. तिथे तो राहायला गेला.